विसर्जनाच्या रात्री देव कुठं होता?

प्रश्न: 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातलं किल्लारी भूकंपानं हादरलं. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी. मामा गणपती बुडवून आले, पायाचा चिखलही न धुता झोपले. माळवद, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, अंगावर आलं. आजी म्हणते, ‘त्याच्या मर्जीशिवाय पान हलत नाही.’ मग भिंत कुणी हलवली?

उत्तर 1: जमिनीनं. माणसं मेली ती जाड दगडी भिंतींखाली, माळवदावरच्या मातीखाली. देवाला कशाला मधे ओढता?

उत्तर 2: तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्नावाचून गेली. ते विठ्ठलाशी भांडले, पण त्याला सोडलं नाही.

प्रश्नकर्ता: आजीचंही तसंच. गणपती पुन्हा बसवला नाही, आषाढीला पंढरपूर मात्र चुकवत नाही. म्हणते, ‘तोंडावर विचारायचंय त्याला.’