सुई स्वस्त आणि सोपी, पण बोट परत वाकलं तर?

ड्युपिट्रेन म्हणजे तळव्याच्या कातडीखाली जाड दोरी तयार होऊन बोट आत वाकतं, तो आजार. वर कुणीतरी लिहिलंय, 'ड्युपिट्रेनला सुईने दोरी तोडून घ्या, टाके नाहीत की काही नाही.' खरंय, पण अर्धंच. नेदरलँड्समधल्या २०१२ साली छापून आलेल्या तुलनेत पाच वर्षांनी सुईवाल्या गटात सुमारे ८५ टक्के जणांचा आजार उलटला होता, दोरी कापून काढलेल्यांत सुमारे २१ टक्के.

आमच्या वडिलांचं सांगतो. सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणण्यात जन्म गेला, त्यात शुगर (शुगरवाल्यांत हे जास्त दिसतं). अनामिका सुईने सरळ केली, तिसऱ्या वर्षी पुन्हा आकडा. सिद्धेश्वराच्या देवळात हात जोडले तर तळवे जुळेनात. दुसऱ्या वेळी सर्जननी दोरीबरोबर तिला चिकटलेली तळव्याची कातडीही काढली आणि दंडाची कातडी आणून बसवली. अशा बसवलेल्या कातडीखाली आजार सहसा उलटत नाही, हा तिसरा पर्याय इथे कुणी काढलाच नाही. फुकट मात्र काही नाही. कित्येक महिने रात्री स्प्लिंट (बोट सरळ धरणारी पट्टी) बांधून झोपायचं, दिवसा बोटांचे व्यायाम. आणि दीड महिना कडक भाकरी मोडून द्यायला आई शेजारी.