कोकणातलं घर दुरुस्त करताना पुढे विकायचा विचार करता का? अनुभव लिहा

गुहागरजवळचं आमचं घर यंदा दुरुस्तीला काढायचंय. चिऱ्याच्या भिंती ठणठणीत आहेत पण छपराचे लाकडी रिपा-वासे वाळवीने खाल्लेत. भाऊ म्हणतो कौलं उतरव, स्लॅब टाक, उद्या विकायची वेळ आली तर भाव येईल. मला पटत नाहीये. ज्यांनी दुरुस्ती केली किंवा करून घर विकलं त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

*

मालवणहून. आम्ही अगदी हेच केलं, स्लॅब टाकला, ओटीवर चकचकीत टाइल्स, आणि फणसाचे जुने खांब काढून मागे गोठ्याला टेकवून ठेवले. पुण्याचं एक जोडपं घर बघायला आलं तर ताई ओटीवर थांबल्याच नाहीत, मागे जाऊन त्या खांबांवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, हे परत बसवता येतील का हो? मला फार वाईट वाटलं. तरी व्यवहार ठरला, पण सातबारा सामाईक, काकांची मुलं मुंबईला, एक आतेबहीण बडोद्याला, सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत ते जोडपं दुसरीकडे घर घेऊन मोकळं झालं. दादा, आधी वाटणीपत्र करा, मग गवंड्याला बोलवा.

*

चिपळूण. 22 जुलै 2021 च्या पुरात आमचं प्लायचं किचन फुगून गेलं. आता कडाप्पाचा ओटा, खाली उघडे कप्पे, आणि विजेचे बोर्ड सगळे छातीच्या वर घेतलेत. इथे गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, पाणी कुठवर आलं होतं? आम्ही भिंतीवरची खूण दाखवतो, लपवत नाही.

*

श्रीवर्धन. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात अर्धी कौलं गेली. घाईत लोखंडी चॅनल टाकून कौलं चढवली, गंज लागू नये म्हणून रेडऑक्साइडचा एकच हात मारला होता, खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागले. रंगाच्या खाली काय आहे ते नीट करून घ्या, विका नाहीतर राहा. आणि समुद्राजवळ असाल तर वाढीव खोली काढण्याआधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, बघा, बिनपरवानगी बांधकाम निघालं की घेणारा मागे सरतो.

*

देवगड. आम्ही विकायचा विचारच केला नाही. आई 78 वर्षांची, पावसात रात्री खळं (अंगण) ओलांडून संडासला जायची, म्हणून माजघराला लागून बाथरूम काढलं आणि दाराशी धरायला दांडा लावला. ह्या पावसाळ्यात ती एकदाही रात्री बाहेर पडली नाही.