'टी-पेशी'तली पेशी कोणती?

रामबागकर: आतोबांचा रक्ताचा कर्करोग उलटलाय. डॉक्टरांनी 'कार-टी' उपचार सुचवलाय, म्हणजे रुग्णाच्याच 'टी-पेशी' काढून, बदलून परत द्यायच्या. परवा आत्या शेजारच्या भाभींना फोनवर सांगत होती, "इनकी पेशी निकालके मुंबई भेजेंगे." पलीकडून घाबरा आवाज: "हाय राम, कौनसे केस में?"

इंदुरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख! मुंबई-पुण्याच्या मराठीला ही अडचण येत नाही. आपली पेशी ती हिंदीची कोशिका. हिंदीतली मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. घरात तुम्ही काय म्हणता? आणि हा 'टी' कशाचा?

जीवशास्त्राच्या बाई: टी थायमसचा. छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी. या रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जन्मतात अस्थिमज्जेत, पण तयार होतात थायमसमध्ये. मराठीत तिला 'यौवनलोपी ग्रंथी' असा शब्द आहे, कारण वयात आल्यावर ती आक्रसत जाते. शब्द सुरेख, पण आतोबांसमोर नका उच्चारू. इंजेक्शनाने उरलंसुरलं तारुण्य जातंय असं वाटेल त्यांना.

'कार'चाही मोटारीशी संबंध नाही, ती 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर'ची आद्याक्षरं. पहिलं अक्षर ग्रीक कथेतल्या कायमेराचं: तोंड सिंहाचं, धड बकरीचं, शेपूट सापाची. पेशीवर बसवतात तो ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, तोही असाच जोडकाम केलेला. बाहेरचं टोक प्रतिपिंडाचं (अँटिबॉडीचं), ते कर्कपेशी ओळखतं. आतला भाग टी-पेशीचा, तो हल्ल्याचा हुकूम देतो. काही जण 'संकरित ग्राहक' लिहितात. मला पटत नाही, संकरित म्हटलं की जर्सी गाय दिसते. 'नरसिंही ग्राहक' का नको?

लोकमान्यनगरवाला: बाई, नरसिंही ग्राहक म्हणजे रात्री बाराला इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत जिलबी, गराडू, भुट्ट्याचा कीस ओळीने संपवणारा! 'ग्राही' म्हणा, गिऱ्हाईक तरी मधे येणार नाही.

जीवशास्त्राच्या बाई: मान्य. नरसिंही ग्राही.

रामबागकर: आणि हे सगळं औषधात मोडतं का? रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी ठेवून घेतात, बाकीचं रक्त परत. टी-पेशींत निकामी केलेल्या विषाणूमार्फत नवा जनुक घालतात, त्या वाढवतात आणि सलाइनसारख्या पुन्हा त्याच माणसाला चढवतात. आतोबांसाठी ठरलंय ते नेक्सकार-१९, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेलं. २०२३ मध्ये परवानगी मिळालेलं. १९ हा बी-पेशींवरच्या (याही पांढऱ्या पेशीच, कर्करोग यांचाच) सीडी-१९ या प्रथिनाचा आकडा, नेम त्याच्यावर.

आत्याने मात्र एका शब्दात उरकलं: "विरजण आहे रे. आपल्याच दह्यातलं चमचाभर काढायचं, लावायचं, वाढलं की परत घरात."

लोकमान्यनगरवाला: आत्यांना शंभर मार्क. भाभींना काय सांगितलं शेवटी?

रामबागकर: "जामन." पहिल्या फटक्यात समजलं त्यांना.