पूररेषेच्या दगडावर नावं कोरावीत का?

काठावरचा

आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर निळ्या तेलरंगाची एक आडवी रेघ आहे. शेजारी ‘महापूर २०१९’ एवढंच लिहिलंय. माझा पुतण्या त्या वर्षीच जन्मला. परवा त्यानं विचारलं, "काका, पाणी तुमच्या डोक्यावरनं गेलं होतं?" मी हो म्हणालो. पुढचा प्रश्न होता, "मग तुम्हाला कुणी काढलं?" नाव सांगितलं तर तो माणूस त्याला ओळखीचा निघाला. रोज दूध घालायला येणारा. पुतण्या त्याच्याकडे नुसता बघत राहिला.

त्यावरनं डोक्यात आलं ते येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. रंगाच्या रेघेच्या जागी काळ्या दगडाची पाटी बसवावी. त्यावर पाण्याची उंची, तारीख, आमच्या पंचक्रोशीत गेलेल्यांची नावं आणि ज्यांनी होड्या, गुळाच्या काहिली, टायरच्या ट्यूब घेऊन माणसं काढली त्यांचीही नावं असावीत.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटली. पुरातनं सुटका होता होता माणसं गेली, त्यात बायका-मुलं जास्त. आज कुणालाही विचारा, "सतरा" हा आकडा सांगतील. नाव एकही येणार नाही. आकडा लक्षात राहिला म्हणजे माणसं लक्षात राहिली, असं मला वाटत नाही. तुमचं मत सांगा. विरोधातलं असेल तर जास्तच सांगा, कारण ग्रामसभेत तेच प्रश्न येणार आहेत.

विश्रामबाग

माझा विरोध आहे, आणि तो पैशाचा आहे. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं तेव्हा सगळे म्हणाले की एवढं परत येणार नाही. २०१९ ला ५७ च्या पुढे गेलं. २०२१ ला पुन्हा महापूर. म्हणजे पुढचा पूर काही पन्नास वर्षं थांबणार नाही.

तुमच्या गावात आज होडी आहे? तिचं इंजिन शेवटचं कधी चालू केलं? वर्षभर ताडपत्रीखाली पडलेलं इंजिन ऐन वेळी दोरी ओढून ओढून चालू होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लाइफ जॅकेटची चेन गंजलेली, पट्टे उंदरांनी खाल्लेले. आधी ते बघा. गेलेल्या माणसांची आठवण ठेवायची तर पुढचा माणूस जाऊ नये एवढं करा. पहिल्या वर्षी दगडाला हार, तिसऱ्या वर्षी त्यावर वाढदिवसाचं पोस्टर. हे सगळ्या गावांत होतं.

काठावरचा

इंजिनाचं मान्य. ते मेमध्ये चालवून बघायलाच हवं. पण दगड आणि जॅकेट यांत एकच निवडायचं, हे कुणी ठरवलं? पाथरवटाची मजुरी गावच्या एका जेवणावळीपेक्षा कमी होईल. उलट दगडावर नावं असतील तर ‘जॅकेट कुठं आहेत?’ असं विचारायला दरवर्षी एक जागा राहील. आता विचारायचं तर कुणापुढं उभं राहून विचारायचं?

पेठकर

पुण्यातून लिहितोय. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आमच्या घरात अजून बोलला जातो. बांधकाम पूर्ण व्हायच्या आत धरण भरलं, माती खचायला लागली. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध तोलून धरायची शर्थ केली. सकाळी पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला. मधले ते तास मिळाले नसते, फुटायचं ते रात्रीच्या अंधारात फुटलं असतं, तर नारायण, शनिवार, कसबा या पेठांत काय झालं असतं याचा विचारही करवत नाही. माझी आजी तेव्हा शनिवार पेठेत होती. लकडी पूल पाण्याखाली गेल्याचं ती सांगायची आणि तिथं थांबायची.

आता मुद्दा. पुण्यात जुन्या भिंतींवर त्या पुराच्या पातळीच्या खुणा आहेत. उंची आहे, तारीख आहे. पण किती माणसं गेली याचा आकडा आजही प्रत्येक जण वेगळा सांगतो. त्याच वेळी घराघरांतून नावं लिहून एका ठिकाणी दगडावर कोरली असती तर हा वाद उरला नसता. आणि ज्या जवानांनी रात्रभर पोती वाहिली, त्यांतल्या एकाचं तरी नाव पुणेकराला माहीत आहे का? मला नाही. त्यांच्यामुळे माझे वडील जन्मले, असं मी मानतो.

म्हणून काठावरचा यांना माझा पाठिंबा. तुमच्याकडे सात-आठच वर्षं होतायत, विचारायला माणसं आहेत. आमची वेळ गेली.

शिरोळची_लेक

मी इथं सहसा लिहीत नाही. पण ‘नावं कोरा’ म्हणताना ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना काय वाटतं हे कुणीच विचारलं नाही, म्हणून लिहिते.

२०१९ च्या पुरात माझ्या सासरच्या नात्यातलं माणूस गेलं. त्या आठवड्यात फोनवर काय काय फोटो फिरत होते ते आठवतंय का तुम्हाला? पाण्यातनं काढलेल्या आया, लेकरं. कुणाचा पदर कुठं, कुणाचे केस कसे. गावोगावच्या ग्रुपवर, खाली हात जोडलेली चिन्हं. ज्यांच्या घरचं गेलं होतं त्यांच्याही फोनवर तेच आलं. आम्ही घरात फोन लपवून ठेवत होतो, म्हातारीला दिसू नये म्हणून. सगळ्यांना हळहळच वाटत होती, वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण आमचं माणूस आमच्या हातात यायच्या आधी लोकांच्या हातात गेलं.

आता त्याचं नाव देवळाच्या वाटेवर. रोज दळण आणायला जाताना ते वाचायचं. शाळेच्या सहली येणार, पोरं बोट लावून वाचणार, पुढारी शेजारी उभं राहून फोटो काढणार. आमच्या घरी भिंतीवर तसबीर आहे. श्राद्ध होतं. आम्हाला पुरेसं आहे ते. गावाला आठवण हवी असेल तर गावानं गावाची ठेवावी. आमचं दुःख न विचारता चव्हाट्यावर मांडू नये.

काठावरचा

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी नावं जमवायचा विचार केला, पण यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरातनं घ्यायची असं धरलं होतं. घरी जाऊन विचारायचं सुचलं नाही. चुकलंच.

वल्हं

म्या वाचवणाऱ्यातला. नाव सांगत न्हाई, गावबी सांगत न्हाई.

पाच दिस होडी मारली. वीज गेलेली, रातचं बॅटरीच्या उजेडात. विजेच्या तारा हाताला लागत्यात एवढं पाणी चढलेलं, म्हंजे आपण रस्त्यावर हाय का रानात हेच कळंना. वड्याच्या तोंडाला पाणी घुमतंय, तितं वल्हं लागत न्हाई. उसाचं शेंडं पंख्यात गुततात. माणसं तर निघायला तयार न्हाईत, का तर खाली दावणीला म्हस हाय. एक म्हातारा म्हनला, "तिला ने, मी हितंच बरा." म्हस होडीत कशी घालायची सांगा. तिचा कासरा कापून दिला, तवा कुठं तो होडीत बसला. आमच्या आज्याच्या टायमाला गुळाच्या काहिलीतनं माणसं काढायची, तसं काहिलीतनंबी काढली.

नंतर मिलिटरी आली, एनडीआरएफ आली, नेव्ही आली. देवासारखी आली, खोटं न्हाई. बायांनी त्येंच्या पाया पडल्या, राख्या बांधल्या. आमाला कुनी राखी बांधली न्हाई म्हनून राग न्हाई. आमी गावचंच, आमाला कोन बांधनार.

पन दगडावर माजं नाव नको. कारन सांगतो. साठ-सत्तर माणसं काढली आसतील, ती मला एकबी आठवत न्हाई. एका घराच्या माळवदावनं हाक आलती, परत येतो म्हनून म्या म्होरं गेलो. परत जाईस्तवर ती भिंत नव्हती. ती हाक तेवढी आठवती. माजं नाव वाचवनाऱ्यात लिवलं तर त्या घरातली माणसं वाचतील तवा काय म्हनतील?

महाडवाला

वल्हं दादा, तुमचं वाचून हात थांबला.

आमच्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसट्या आणि एक गाडी अंधारात थेट नदीत. पुढे कित्येक दिवस शोध चालला, गाड्या सापडाव्यात म्हणून क्रेनला लोहचुंबक बांधून नदीत सोडलं होतं. मृतदेह खाडीत, समुद्राच्या तोंडापर्यंत सापडले. वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला, त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण त्या रात्री गाडी दिसेनाशी झाल्याचं ज्यानं पहिल्यांदा ओळखलं आणि आरडाओरडा केला, तो पुलाजवळच्या गॅरेजमधला एक साधा माणूस होता. तो तिथं नसता तर मागून येणाऱ्या आणखी किती गाड्या गेल्या असत्या? पुलावरून आज हजारो गाड्या जातात. चाकरमानी गणपतीला जातात, त्यांतल्या किती जणांना हे माहीत असेल?

दादा, तुम्ही नको म्हणता ते मोठेपण तुमचं. पण तुमचं नाव नसेल तर पुढच्या पोराला वाटेल की वाचवायला बाहेरूनच कुणीतरी येतं. तो वाट बघत बसेल.

धरणमाप

जलसंपदा खात्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘महापुरात मृत्यू’ एवढंच कोरलं की दोष नदीवर जातो. कृष्णेनं कुणाला मारलेलं नाही. २०१९ ला घाटमाथ्यावर थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस झाला, कोयना आणि इतर धरणांतून पाणी सोडावं लागलं, नदीकाठच्या पूरपट्ट्यात भराव आणि बांधकामं झालेली होती, आणि गावं रिकामी करायला उशीर झाला. शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीनंही पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं होतं. आपल्याकडे चर्चा मात्र खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर सुरू होते आणि तिथंच संपते. अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायला विरोध व्हायलाच हवा, माझाही आहे. पण आपल्या ओढ्यावर बांधलेल्या मंगल कार्यालयाचं काय?

दगड करायचा असेल तर त्यावर आयर्विनला किती फूट असताना तुमच्या गावात पाणी शिरतं, कोणत्या आळीत आधी येतं आणि रस्ता कधी बंद होतो, ते कोरा. ते वाचून माणूस वेळेत निघेल. नावं वाचून फक्त रडेल.

पेठकर

धरणमाप साहेब, रडणं ही वाया गेलेली गोष्ट नाही. नुसते फूट वाचून कुणी घर सोडत नाही. ‘२००५ ला उंबऱ्यापर्यंतच आलं होतं’ म्हणत लोक बसून राहिले, ते आकडे पाठ असल्यामुळेच ना? आकड्याशेजारी शेजारच्या घरातलं नाव असेल तर कदाचित पाय उचलेल.

विश्रामबाग

हा मुद्दा मला पटला, बाकीचे नाही. पण काठावरचा, सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही टाळलाय. गावचे लोक मदतीला होडी घेऊन जातात, जागेपेक्षा जास्त माणसं चढतात, कारण किनाऱ्यावरच्यांना मागं कोण ठेवणार, आणि होडी उलटते. त्या होडीवरचा माणूस तुमच्या दगडावर कुठं येणार? वाचवणाऱ्यांत की गेलेल्यांत? आणि तो पोहून बाहेर आला असेल तर? गावात त्याला आजही काही लोक नावं ठेवत असतील. तुम्ही दोन रकाने केलेत की त्याला एका बाजूला ढकलणार, आणि पुढची पन्नास वर्षं ते तसंच कोरलेलं राहणार.

शिरोळची_लेक

यावर मला बोलायचंय. अशा माणसाला दोष देणारे किनाऱ्यावर होते. आत बसलेल्यांपैकी जे वाचले त्यांनी कधी दिला नाही. होडीत जास्त माणसं का चढली, तर दुसरी होडी नव्हती. दुसरी का नव्हती, हे त्याला विचारू नका. धरणमाप काका म्हणतात ते कोरायचं असेल तर हेही कोरा, की एवढ्या घरांना एकच होडी होती.

वल्हं

ताई खरं बोल्ली. ती हाक मी सोडली तवाबी होडीत चौदा माणसं हुती. आठाची होडी.

काठावरचा

दोन दिवस उत्तर दिलं नाही. गावात फिरत होतो.

रकाने करणार नाही. एकच यादी, वाचवणारा आणि गेलेला असा भेद न करता, गावात जसं हाका मारतात तशी नावं. घरच्यांनी हो म्हटलं तरच नाव. नाही म्हटलं तर तेवढी ओळ कोरी सोडायची. पाथरवटाला विचारलं, तो म्हणाला की घासून ठेवतो, पुढं कधी मन बदललं तर बसून कोरून देईन.

चार घरांत जाऊन आलो. दोघांनी हो म्हटलं. एकीनं चहा दिला आणि म्हणाली, "पोराला विचारून सांगते." चौथ्या घरात दार उघडलं नाही. परत जाणार नाही तिथं.

धरणमाप साहेब, खालच्या बाजूला फूट कोरतोय. आमच्याकडे आयर्विनला किती असताना खालच्या आळीत पाणी येतं, यावर तीन म्हाताऱ्यांचे तीन आकडे आहेत. येत्या पावसाळ्यात खुंट्या मारून मोजायचं ठरलंय. तोवर ती जागाही कोरीच.

धरणमाप

खुंट्या मारताना मला कळवा, मी येतो. उंची मोजायचं लेव्हल यंत्र माझ्याकडे आहे. आणि दगड रेघेच्या वर बसवा, खाली नको. पुढच्या वेळी पाण्यात गेला तर वाचता येणार नाही.

शिरोळची_लेक

आमच्या घरी अजून विचारलेलं नाही. राखीला सगळे जमतील तेव्हा विषय काढीन. नाहीच म्हणतील बहुतेक. पण ती कोरी ओळ कुणाची आहे, हे मला माहीत असेल.