उ: जुन्या एसयूव्हीला ट्रेलर हिच : वेल्डिंग की बोल्ट?

ट्रॉली ओढायला गाडीमागे हिच (जोडणीचा आकडा) बसवायचा तर 'बोल्ट ढिले होतात, वेल्डिंग मारलं की कटकट मिटली' हे वर दोघांनी लिहिलंय. ढिले होतात हे खरं, पण बहुतेक वेळा दोष बोल्टचा नसतो, बसवणाऱ्याचा असतो. चासी (गाडीचा खालचा सांगाडा) जिथे पोकळ चौकोनी असते तिथे आरपार बोल्ट घालून आवळला की पत्रा आत दबतो. आवळलंय असं वाटतं, शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा ढिला. माझ्या जुन्या सुमोला एका गॅरेजवाल्याने असंच करून दिलं होतं. जनरेटरची छोटी ट्रॉली घेऊन खंबाटकी घाट उतरलो की दर वेळी पाना काढायचा! शेवटी भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरने चासीच्या आत बोल्टभोवती बरोबर मापाचे जाड पाइपचे तुकडे बसवले. आवळण्याचा दाब पाइप घेतो, पत्रा दबत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे), नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, सहज ढिले न होणारे), मागे जाड प्लेट. त्यानंतर पाना डिकीतच आहे.

वेल्डिंगला माझा सरसकट विरोध नाही, पण वीस वर्षं जुन्या चासीवर नको. आतून गंजून पत्रा किती उरलाय ते बाहेरून कळत नाही, आणि तडा बहुधा टाक्यात (वेल्डिंगच्या जोडात) जात नाही, टाक्याच्या कडेला जातो, जिथे उष्णतेने मूळ लोखंड बदललेलं असतं. वर रंग असला की दिसतही नाही. ढिला बोल्ट निदान खडखडून सांगतो तरी. तरीही वेल्डिंगच करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढा, आणि चासीच्या लांबीला आडवा टाका मारू देऊ नका.