बोटीची जॅक प्लेट (इंजिन वर-खाली सरकवणारी) वर घेतली की अलार्म वाजतो, काय बदलू? (बजेट १५ हजार)

देवबाग_बोट: नमस्कार मंडळी. १९ फुटी फायबर बोट, मागे १५० एचपीचं फोर स्ट्रोक आउटबोर्ड, सेकंड हँड. सीझनला बंपर राइड, एरवी आम्ही पोरं पळवतो. जॅक प्लेट लावल्यापासून वेग मस्त मिळतो, पण ५००० च्या वर आरपीएम ठेवले की थोड्याच वेळात ओव्हरहीटचा अलार्म होतो आणि इंजिन स्वतःच आरपीएम पाडतं. आयडलला इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार एकदम जोरात. टेम्परेचर गेज घेऊ की इम्पेलर (कूलिंगचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) किट? १५ हजारांवर एक रुपया नाही.

रेवेचो_राजा: मेल्या, आधी इम्पेलर बदल. कर्लीच्या खाडीत फिरवतंस ना? रेवेन खाल्लो असतलो. ओरिजिनलच घे, डुप्लिकेट रबर महिन्यात वाकडा होता.

मांडवा_ट्विन३००: माझ्याकडे ३०० ची जोडी आहे, असला त्रास कधीच आला नाही. मोठं इंजिन घ्या, कमी आरपीएमवर तोच वेग मिळतो.

देवबाग_बोट: दादा, १५ हजार म्हणालो.

खारं_पाणी: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेक. आम्ही सगळ्या बोटींचे काढलेत. पाणी सरळ वाहतं, इंजिन थंडगार.

मिशिगनवाला: कृपया हे करू नका. आमच्याकडे मे महिन्यात तळ्याचं पाणी १० अंशांच्या आसपास असतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन तापतच नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला वास येतो, ऑइलची पातळी उलट वाढलेली दिसते. अतिथंड इंजिनही झिजतंच.

खारं_पाणी: तुमचं तळं गोडं आणि बर्फाचं. आमचा समुद्र २८-३० अंश. इथे कसलं अतिथंड?

दुबईकर_काका: २८ ला गरम म्हणता? आमच्याकडे ऑगस्टमध्ये समुद्रच ३४-३५ वर जातो. तरी थर्मोस्टॅट आहेच, कारण इंजिनाचा ब्लॉक ६० अंश सेल्सिअसच्या पुढे हवा, पाणी ३० असो की ३५. माझी बोट इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत) व्ही८, बंद सर्किटची. ब्लॉकमध्ये कूलंट आणि खारं पाणी फक्त हीट एक्स्चेंजरमधून, म्हणून १६० फॅरनहाइटचा थर्मोस्टॅट चालतो. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून जाणाऱ्या इंजिनाला १४० च्या आसपासचा देतात, कारण त्याहून फार तापलं की क्षार आतल्या भिंतींना धरतात. एक्स्चेंजर बसवून घ्या, सुखी व्हाल.

रेवेचो_राजा: काका, आउटबोर्डाक एक्स्चेंजर खंय बसवतलो?

सुकाणू: सगळे पार्ट विकताहेत, लक्षण कुणी वाचलंच नाही. आयडलला ठीक आणि वेगात तापतं, तेही प्लेट वर घेतल्यापासून. इम्पेलर मेला असता तर बहुतेक आयडललाही कुरकुर झाली असती. पाणी ओढायची जाळी लोअर युनिटच्या (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) बाजूंना, प्रोपेलरच्या वरच्या अंगाला असते. प्लेट वर गेली की वेगात तिथे पाण्याबरोबर हवाही शिरते. आणि धार जोरात दिसली म्हणजे पंपापर्यंत पाणी आलं, एवढंच. ब्लॉक फिरून आलं की नाही, ते धार सांगत नाही.

आधी प्लेट दोन इंच खाली घे आणि त्याच आरपीएमला पळव. खर्च शून्य. अलार्म गेला तर प्रश्न उंचीचा. नाही गेला तर थर्मोस्टॅट आणि क्षार बघ. गेज घ्यायचंच तर टेम्परेचरचं नको, वॉटर प्रेशरचं घे. तापमान उशिरा चढतं, प्रेशर हवा शिरताक्षणी पडतं. किमान किती हवं ते मॅन्युअलमध्ये बघ. १० पीएसआयच्या खाली आलं तर मी थ्रॉटल सोडतो.

रेवेचो_राजा: ह्याच तर मी सांगलंय. इम्पेलर बदल.

मिशिगनवाला: सुकाणूंशी सहमत. एक भर: मीठ धुवायला इंजिन बंद ठेवून गोडं पाणी मारलं तर थर्मोस्टॅट मिटलेलाच असतो, पलीकडचं मीठ तसंच राहतं. जाळीला मफ (नळाला जोडायचे रबरी कप) लावून, नळ आधी सोडून, आयडलला दहा मिनिटं चालवा. कोरडं मात्र क्षणभरही नको, इम्पेलरची पाती जळतात आणि तुकडे वर जाऊन अडकतात.

मांडवा_ट्विन३००: आमच्या जेटीवर फ्लशिंगसाठी वेगळी लाइन आहे.

देवबाग_बोट: अपडेट. प्लेट दोन इंच खाली घेतली, अलार्म गायब. पण वेगही गेला, आणि शेजारचा पुढे काढून निघून जातो ते मला बघवत नाही. गोव्यात एकाकडे नाकातून पाणी घेणारं लोअर युनिट मिळालं, जाळ्या पार खालच्या टोकाला. ५८ हजारांत घेतलं.

सुकाणू: १५ हजारांवर एक रुपया नाही म्हणाला होतास. असो. मग वॉटर प्रेशर गेज लावच. आता प्लेट आणखी वर घेणार आहेस, मला माहीत आहे.

देवबाग_बोट: गेज पुढच्या सीझनला. आता खरंच पैसे नाहीत.

रेवेचो_राजा: त्या युनिटात इम्पेलर नवो हा काय जुनो?