मदत हवी आहे : चौथीच्या मुलांना वरचा सूर आणि मोठा आवाज यातला फरक कसा समजवायचा?

नमस्कार मंडळी. काल वर्गात सहा सारख्या काचेच्या बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून जलतरंग मांडला. चमच्याने वाजवलं तर जास्त पाण्याची बाटली सगळ्यात खालच्या सुरात, आणि तोंडाशी फुंकलं की तीच सगळ्यात वरच्या! वाजवताना काच-पाणी थरथरतं, फुंकताना वरची हवा, हे मला कळतं. पोरांच्या गळी कसं उतरवू? त्यात 'सूर चढवा' म्हटलं की सगळी नुसती ओरडतात. तबला-डग्गा आणला, तर एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, डग्गा जाड म्हणून मोठ्याने वाजतो." आता कंपासपेटीवर रबरबँड ताणून बघणार आहे. कुणी याहून सोपं, बिनखर्चाचं काही केलंय का? सोमवारी परत हाच तास आहे.